कामगारांच्या नुकसानभरपाईचे पुरस्कर्ते ना. म. जोशी

कारखान्यात काम करताना जखमी झालेल्या कामगाराला मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मात्र भारतात तसा कायदा नव्हता. तो व्हावा म्हणून केंद्रीय विधिमंडळात कामगारांची बाजू मांडणाऱ्यांमध्ये नारायण मल्हार जोशी अग्रभागी होते.

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्यात शिक्षण पूर्ण केल्यावर काही वर्षे त्यांनी शिक्षकाचे काम केले. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. गिरणगावातील रात्रशाळा, वाचनालये आणि दवाखाने यांच्या कामातून कामगारांचे जीवन त्यांनी जवळून पाहिले.

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आयटकच्या संस्थापकांतही त्यांची गणना होते. १९२१ मध्ये कामगारांचे प्रतिनिधी म्हणून केंद्रीय विधिमंडळावर त्यांची नियुक्ती झाली.

त्या काळी अपघातात कामगार दगावल्यास १८५५ च्या कायद्यान्वये त्याच्या कुटुंबाला दिवाणी दावा लावून मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागे. निरक्षर आणि निर्धन कुटुंबाला हे जवळजवळ अशक्यच होते. १९२३ मध्ये संमत झालेल्या आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आलेल्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ही स्थिती पालटली. कामाच्या ओघात आणि कामामुळे अपघात झाला एवढे पुरेसे ठरले. मालकाची चूक दाखविण्याची गरज उरली नाही. मृत्यूची भरपाई थेट वारसांच्या हाती न देता आयुक्तांकडे जमा करण्याचे बंधनही घालण्यात आले, जेणेकरून अल्प रकमेवर कुटुंबाची बोळवण होऊ नये.

तथापि, या कायद्याने विमा सक्तीचा केला नव्हता. भरपाईचा भार एकट्या मालकावर होता. त्यामुळे मालकच डबघाईला आला, तर कामगाराचा हक्क कागदावरच राहण्याचा धोका होता.

जोशी यांचा पुढचा प्रवास सोपा नव्हता. १९२४ मध्ये त्यांनी मांडलेले प्रसूती लाभ विधेयक विधिमंडळाने फेटाळले. १९२९ मध्ये मतभेदांमुळे त्यांना आयटकमधून बाहेर पडावे लागले. मात्र त्याच वर्षी नेमलेल्या शाही कामगार आयोगाचे ते सदस्य होते. आयोगाच्या १९३१ च्या अहवालानंतर, १९३३ मध्ये भरपाईच्या कायद्यात सुधारणा झाली आणि भरपाई सुरू होण्यापूर्वीचा प्रतीक्षा काळ दहा दिवसांवरून सात दिवसांवर आला. १९४० ते १९४८ या काळात ते पुन्हा आयटकचे सरचिटणीस होते.

विम्याची उणीव १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने बऱ्याच अंशी भरून काढली. मालक आणि कामगार या दोघांच्या वर्गणीतून उभी राहिलेली ही योजना १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली. या योजनेत येणाऱ्या कामगाराची भरपाई मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहिली नाही. योजनेबाहेरच्या आस्थापनांवर मात्र भरपाईची थेट जबाबदारी कायम राहिली. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही कायदे समाविष्ट करण्यात आले.

३० मे १९५५ रोजी जोशी यांचे निधन झाले. मुंबईच्या लोअर परळ भागातील पूर्वीच्या डिलाइल रोडला आज त्यांचे नाव आहे.