न शिवता वाजणारे वाद्य

यंदाच्या स्नेहसंमेलनात ग्रंथालयाच्या व्हरांड्यात एका टेबलावर तीन जुने रेडिओ मांडले होते, ते पुष्कळांना आठवत असतील. त्यांतल्या दोन रेडिओंची मागची झाकणे काढलेली होती आणि त्यांचा आवाज पूर्ण बंद होता. शिट्टी ऐकू येई ती तिसऱ्यातून. उघड्या रेडिओजवळ कोणी हात नेला की शिट्टीचा स्वर चढे, हात मागे घेतला की उतरे. हात कशालाही लागत नसे. काहींनी त्याला भुताटकी म्हटले, काहींनी कला शाखेच्या मुलांचे नसते उद्योग म्हटले. तो उद्योग आम्हा चौघा मित्रांचा होता. पण त्यामागे जे चरित्र होते ते टेबलावरच्या पुठ्ठ्यावर चार ओळींत मावले नाही, म्हणून हा लेख.

त्या माणसाचे नाव लेव सर्गेयेविच तेर्मेन. जग त्यांना लिऑन थेरेमिन म्हणून ओळखते. १८९६ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांचा जन्म झाला. लहानपणापासून त्यांना दोन गोष्टींची ओढ होती, वीज आणि संगीत. ते चेलो शिकले; चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातले, पण खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायचे मोठे वाद्य. त्याबरोबरच त्यांनी पदार्थविज्ञानाचा अभ्यास केला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात बिनतारी यंत्रांचे काम केले. एका हातात गज आणि दुसऱ्या हातात तार, असा हा तरुण होता.

क्रांतीनंतर पेट्रोग्राडमधील योफे यांच्या संशोधनसंस्थेत ते काम करू लागले. १९२० च्या सुमारास ते वायूंचे विद्युत्-गुणधर्म मोजण्याचे एक यंत्र तयार करीत होते. त्या यंत्रातून एक स्वर निघे. आपला हात जवळ गेला की तो स्वर बदलतो, असे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाने तो यंत्राचा दोष समजून काढून टाकला असता. तेर्मेन यांचे बोट मात्र चेलोच्या तारेवर सरकण्याची सवय असलेले होते. त्यांनी हवेत हात हलवून त्या दोषावर एक धून वाजवून पाहिली. अशा रीतीने त्या वाद्याचा जन्म झाला, आणि पुढे त्याला त्यांचेच नाव मिळाले.

त्याची रचना विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. आपल्यासारख्यांसाठी सोप्या शब्दांत सांगतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या, तर त्यांच्या आवाजात लाटा ऐकू येतात. त्या दोन स्वरांतील फरकाच्या लाटा असतात. थेरेमिन वाद्यात अशीच दोन विद्युत्-आंदोलने असतात. ती इतकी जलद असतात की आपल्या कानांना एकटी ऐकू येत नाहीत, पण त्यांच्यातला फरक ऐकू येतो. एक आंदोलन स्थिर असते. दुसरे एका उभ्या दांडीला जोडलेले असते. माणसाच्या शरीरात थोडी वीज साठवून धरण्याचा गुण आहे, त्यामुळे हात दांडीजवळ गेला की ते आंदोलन थोडे बदलते, फरक बदलतो आणि स्वर चढतो किंवा उतरतो. दुसऱ्या हाताजवळ आडवे कडे असते. त्याच्यावरून आवाज लहानमोठा करता येतो. शरीर हा वाद्याचाच एक भाग होतो. ते कोणाचे आहे, हे वाद्य विचारीत नाही.

१९२२ मध्ये तेर्मेन यांना क्रेमलिनमध्ये लेनिनपुढे प्रयोग करण्यासाठी बोलावले गेले. त्यांनी दोन वस्तू दाखविल्या. एक हे वाद्य. दुसरी, त्याच तत्त्वावर चालणारी, कोणी जवळ आले की इशारा देणारी चोरघंटा. लेनिन यांनी वाद्यावर स्वतः हात चालवून पाहिला. पुढे तेर्मेन यांना देशभर वाद्य दाखविण्याची मोकळीक मिळाली. वाद्य आणि चोरघंटा, दोन्ही एकाच दिवशी एकाच टेबलावर होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांचे पुढचे सारे आयुष्य या दोन वस्तूंमध्ये विभागले गेले.

१९२७ मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले. बर्लिन, लंडन आणि पॅरिस येथे गर्दी लोटली. वर्षाच्या अखेरीस ते न्यूयॉर्कला उतरले आणि तिथे दहा-अकरा वर्षे राहिले. १९२८ मध्ये त्यांना अमेरिकेत या वाद्याचे पेटंट मिळाले. १९२९ मध्ये आर.सी.ए. या कंपनीने सुमारे ५०० वाद्ये तयार करून बाजारात आणली. पण ती फारशी खपली नाहीत. मंदी होतीच, शिवाय पट्टी नाही, पडदा नाही, बोट ठेवायला जागा नाही, अशा वाद्यावर हवेतला नेमका सा शोधणे कठीण होते. ते साधले एका तरुण मुलीला. क्लारा रॉकमोर ही उत्तम व्हायोलिनवादक. पण हाताच्या दुखण्यामुळे तिला व्हायोलिन सोडावे लागले होते. ज्या हाताने तारेवर जोर देता येत नव्हता, त्याच हाताला हवेत स्वर सापडला. या वाद्याची सर्वांत मोठी कलावती म्हणून तिचे नाव आजही घेतले जाते. तेर्मेन यांनी तिला मागणी घातली होती. तिने दुसऱ्याशी लग्न केले. त्यांची मैत्री मात्र टिकली.

याच काळात त्यांनी केलेली एक गोष्ट मला वाद्यापेक्षाही मोठी वाटते. तिचे नाव टर्प्सिटोन. एक लाकडी चौथरा, त्याखाली धातूचा पत्रा आणि समोर कर्णा. चौथऱ्यावर नर्तकीने हात उंचावला, कंबरेत वाकली, पाऊल टाकले, की तिच्या हालचालीबरोबर स्वर वर-खाली होई. नाच संगीतावर होत नसे. नाचातूनच संगीत होई. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तो लोकांपुढे आला. सराईत नर्तकींना तो जमेना, कारण त्यांची पावले सुंदर असली तरी स्वर बेसूर निघत. अखेर त्यावर क्लारा रॉकमोरच उभी राहिली. आज जगातल्या शहरांत चौकात, संग्रहालयात अशा मांडण्या करतात की जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हालचालीने आवाज निर्माण व्हावा. त्यांचे एक मूळ या चौथऱ्यात आहे. १९६५ मध्ये जॉन केज आणि मर्स कनिंगहॅम यांनी न्यूयॉर्कमध्ये असाच प्रयोग केला. त्यासाठी दांड्या तयार केल्या रॉबर्ट मूग यांनी. हे मूग तरुणपणी थेरेमिन वाद्येच तयार करून विकत असत, आणि पुढे त्यांनीच प्रसिद्ध सिंथेसायझर बनविला.

टर्प्सिटोनच्या निमित्ताने नर्तकींशी संबंध आलेल्या तेर्मेन यांनी लाव्हिनिया विल्यम्स या नर्तकीशी लग्न केले. ती कृष्णवर्णीय होती. त्या काळच्या अमेरिकेत हे सहन होणारे नव्हते. कालपर्यंत त्यांच्या वाद्याचे कौतुक करणाऱ्या कित्येकांनी त्यांना दारे बंद केली. न शिवता वाजणारे वाद्य लोकांना चालत होते. माणसाने माणसाचा हात धरलेला चालत नव्हता. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. का, ते शेवटी सांगतो.

१९३८ मध्ये तेर्मेन एकाएकी अमेरिका सोडून गेले. त्यांना पळवून नेले असे पुष्कळ वर्षे बोलले जाई. कर्जाचा आणि करांचा बोजा झाला होता आणि आपण आपल्या इच्छेने परतलो, असे त्यांनी स्वतः उतारवयात सांगितले. लाव्हिनिया मागे राहिली. दोघांची पुन्हा कधीच भेट झाली नाही. रशियात स्टॅलिनचा काळ होता. १९३९ मध्ये त्यांना अटक झाली, आठ वर्षांची शिक्षा झाली आणि कोलिमाच्या थंड प्रदेशात श्रमछावणीत पाठविण्यात आले. तिथून त्यांना कैदी शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत आणले गेले. बाहेरच्या जगात ते मेले असेच समजले जात होते.

त्या काळातले त्यांचे काम वाचून मन सुन्न होते. १९४५ मध्ये मॉस्कोतील शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या वकिलाला लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले. ते त्याच्या निवासस्थानी भिंतीवर लावले गेले. त्याच्या आत तेर्मेन यांनी रचलेला एक कान होता. त्याला ना तारा होत्या, ना विजेचा घट. बाहेरून रेडिओलहरींचा झोत सोडला की तो जागा होई. खोलीतल्या बोलण्याने आतला पातळ पडदा थरथरे आणि त्या लहरी बोलणे घेऊन परत जात. १९५२ पर्यंत कोणाला पत्ता लागला नाही. हवेतल्या हाताने गाणे करणारे आणि हवेतले बोलणे चोरणारे डोके एकच होते. १९४७ मध्ये त्यांची सुटका झाली आणि त्यांना स्टॅलिन पारितोषिकही मिळाले. सुटल्यावरही पुष्कळ वर्षे ते गुप्त खात्याचेच काम करीत राहिले.

अशा माणसाला थोर म्हणावे की नाही, यावर आम्हा चौघांत पुष्कळ वाद झाला. कैदेत असताना माणूस काय करील ते सांगता येत नाही, हे मला पटते. पण सुटकेनंतरचे काय, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. त्या वादातून आमच्या टेबलापुरता एक निर्णय मात्र झाला. आमच्यातल्या एकाची सूचना होती की रेडिओ बाकाखाली लपवावेत, म्हणजे बसणारा दचकेल आणि मजा येईल. वाद संपल्यावर त्यानेच ती मागे घेतली. आम्ही रेडिओ उघडे ठेवले, झाकणे काढली, पुठ्ठ्यावर कृती लिहिली. दोन रेडिओ एकाच जागी लावून त्यांच्या आतली आंदोलने जुळवावयाची आणि तिसरा, त्या आंदोलनाच्या जागी लावलेला, त्यांच्यातला फरक ऐकतो. हे जुळवायला दोन संध्याकाळ लागल्या आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांची मदत झाली. पहिल्या दिवशी घोटाळा असा झाला की गर्दी जमली की शिट्टी आपोआप भरकटे, कारण जवळ उभा असलेला प्रत्येक माणूस तिच्यात भर घाली. मग जमिनीवर खडूची रेघ मारली आणि एका वेळी एकानेच रेघेच्या आत यावे असे ठरविले.

आता चरित्र पुरे करतो. गुप्त खात्यातून निघाल्यावर तेर्मेन मॉस्कोच्या संगीत विद्यालयात काम करू लागले. त्यांनी पुन्हा वाद्ये तयार केली, नाचाचा चौथराही केला. १९६७ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राच्या लेखामुळे ते जिवंत आहेत हे जगाला कळले. त्याचे बक्षीस त्यांना असे मिळाले की विद्यालयातून त्यांना काढण्यात आले आणि त्यांची वाद्ये मोडून टाकण्यात आली. त्यांनी विद्यापीठात एका साध्या तंत्रज्ञाची नोकरी धरली. १९८९ मध्ये त्यांना फ्रान्सला जाऊ दिले गेले, आणि १९९१ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले. क्लारा रॉकमोर तिथे होती. दोघे पुन्हा भेटले. १९९३ च्या नोव्हेंबरात मॉस्को येथे त्यांचे निधन झाले.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी माझे आजोबा गावाहून आले होते. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिला. आजोबा हलगी वाजवीत. त्यांच्या लहानपणी गावच्या जत्रेत हलगी देवळाबाहेर वाजे. आत भजनाचा मृदंग असे. एकदा त्याला हात लावला म्हणून त्यांना मार बसला होता. हे त्यांनी मला एकदाच सांगितले आहे.

ते खडूच्या रेघेबाहेर उभे राहिले. हात लावला तर चालेल का, असे त्यांनी मला हळूच विचारले. लावावाच लागत नाही, असे मी सांगितले. मग ते रेघेच्या आत आले आणि हवेत बोटे चालवू लागले, हलगीवर चालवतात तशी. शिट्टी तुटक तुटक उड्या मारू लागली आणि तिच्यात चक्क ठेका आला. दोन दिवसांत आमच्यापैकी कोणालाही ते साधले नव्हते.

एस.टी. स्टँडवर जाताना मी त्यांना तेर्मेन यांची सगळी गोष्ट सांगितली. चोरून ऐकणाऱ्या कानाबद्दल ते काही बोलले नाहीत. वाद्ये मोडली, हे ऐकून मात्र त्यांनी विचारले की त्या माणसाच्या हातचे पुढे कोणी शिकले की नाही. मी सांगितले, शिकले. त्यांच्या नात्यातली लिडिया कविना नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्यापाशी शिकली आणि पुढे तिने जगभर कार्यक्रम केले. आजोबांनी मान हलवली आणि गाडीत चढले.

आमच्या घरी हलगी कोणी शिकले नाही. वडिलांनी ती मुद्दाम खुंटीवर टांगून ठेवली. मुलाने पुस्तक धरावे, हलगी नको, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे म्हणणे खोटे नाही, त्यांनी पाहिले ते मी पाहिलेले नाही. पण परवाच्या सुट्टीत मी ती खाली काढली, आजोबांनी ती चुलीवर शेकून दिली, आणि पहिला हात कसा ठेवायचा ते मला दाखविले. हे वाद्य हात लावल्याशिवाय वाजत नाही.