नर्मदाकाठी समुद्राच्या खुणा

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बाघ नावाचे गाव आहे. तिथल्या लेण्या प्रसिद्ध आहेत. पण या परिसरातील ओढ्यांच्या काठांवर समुद्री प्राण्यांचे जीवाश्म सापडतात, हे अनेकांना ठाऊक नसते. समुद्र तर इथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर! या खडकांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत प्रमथनाथ बोस यांचे नाव महत्त्वाचे आहे.

बोस यांचा जन्म १८५५ साली बंगालमध्ये झाला. गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून १८७४ मध्ये ते इंग्लंडला गेले. तिथे भूविज्ञान शिकून त्यांनी शिवालिक टेकड्यांत मिळालेल्या मांसाहारी प्राण्यांच्या जीवाश्मांवर संशोधन केले. १८८० मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात रुजू झाले आणि निमावर ते कवांट हा नर्मदेच्या खोऱ्याचा पट्टा त्यांच्याकडे आला.

अशा प्रदेशात जीवाश्म शोधायचे तर नदी-नाल्यांचीच वाट धरावी लागते. पठारावर माती आणि झाडी खडक झाकून टाकतात. ओढा मात्र काठ कापत जातो आणि एकावर एक बसलेले थर उघडे पाडतो. दर पावसाळ्यात काठ धुपून नवे जीवाश्म बाहेर पडतात. पात्रात नुसता शंख मिळून भागत नाही, कारण तो वाहत आलेला असू शकतो. तो कोणत्या थरातून निखळला, हे काठ चढून पाहावे लागते. हातोडा, वही आणि दिवसभराची पायपीट, हीच या कामाची साधने.

बोस यांनी तळापासून वर असे चार थर वेगळे केले: निमाड वालुकाश्म, गाठीदार चुनखडक, देवला व चिराखान या गावांच्या नावाचा मार्ल आणि प्रवाळ चुनखडक. या शेवटच्या नावाने फसायला होते. तो खडक मुख्यतः प्रवाळांचा नव्हे, तर ब्रायोझोआ या चिमुकल्या, वसाहतीने राहणाऱ्या सागरी प्राण्यांचा आहे. बाघच्या थरांत अमोनाइट, सी-अर्चिन, कालवे सापडतात. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता, याचा हा पुरावा. पुढे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हा पसरला आणि हे सारे त्याखाली गाडले गेले. महाराष्ट्राचा काळा पाषाण त्याच लाव्ह्याचा. बोस यांचा अहवाल १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला.

एवढे काम करूनही १९०३ मध्ये संचालकपदी त्यांना डावलून दहा वर्षे कनिष्ठ असलेल्या टी. एच. हॉलंड यांची नेमणूक झाली. बोस यांनी राजीनामा दिला आणि मयूरभंज संस्थानात काम सुरू केले. तिथे गोरुमहिसानीच्या डोंगरात त्यांना उत्तम प्रतीचे लोहखनिज मिळाले. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजी टाटांना त्याविषयी पत्र लिहिले. त्याआधी टाटांनी आपल्या चांदा जिल्ह्यातही लोखंडाचा शोध घेतला होता. जमशेटजी त्याच वर्षी मे महिन्यात वारले. पण या खनिजाच्या आधारावर १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी उभी राहिली.

बोस १९३४ मध्ये निवर्तले. पोलादामुळे त्यांचे नाव निघते; पण बाघच्या थरांवर आज काम करणाऱ्यालाही सुरुवात त्यांच्या त्या चार थरांपासूनच करावी लागते.