चढावर पिकअप मिसिंग मारते, तेव्हा मेकॅनिक ज्या नोझलला हात घालतो ते रस्त्यावर आणणारा रॉबर्ट बॉश

दिवाळीनंतर यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वाहतूक जोरात असते. घाटंजी, आर्णी, राळेगावकडून भरलेल्या जुन्या डिझेल पिकअप जिनिंगकडे निघतात. आणि नेमकी चढावर एखादी गाडी झटके मारायला लागते. कितीही रेस दिली तरी उचल घेत नाही.

मेकॅनिक आधी डिझेल फिल्टर बघतो. पाणी आलंय का, लाईनने एअर धरलीय का? ते ठीक असेल तर इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाईपचा नट जरासा ढिला करतो. ज्याचा नट सोडूनही आवाजात फरक पडत नाही, तोच सिलिंडर मेलेला. (ही युक्ती फक्त जुन्या पंपाच्या गाड्यांसाठी. कॉमन रेलमधला दाब जीवघेणा असतो, तिथे पाना लावायचा नाही.)

हा पंप आणि हे नोझल ट्रकवर आलं ते रॉबर्ट बॉशमुळे.

बॉशचा जन्म 23 सप्टेंबर 1861 चा, जर्मनीतल्या उल्मजवळच्या अल्बेक गावचा. बारा भावंडांत अकरावा. घरी शेती आणि खानावळ. त्याने कारागिराकडे उमेदवारी केली, अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात काम केलं आणि 1886 मध्ये श्टुटगार्टला वर्कशॉप टाकलं. हाताखाली एक कारागीर आणि एक पोऱ्या, बस्स. नाव झालं ते पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोमुळे. 1906 मध्ये त्याने कामगारांना आठ तासांचा दिवस दिला, तेव्हा इतर कारखानदार चांगलेच बिथरले.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्येच यशस्वी झालं होतं. पण त्यात डिझेल दाबाच्या हवेने आत फुंकायचे. त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर लागायचा. जहाजात, कारखान्यात ते चालून जायचं, ट्रकवर कसं बसणार?

1922 च्या अखेरीस बॉशने पंप बनवायचं ठरवलं. काम सोपं नव्हतं. दर फेरीला डिझेलचे मोजून एक-दोन थेंब, प्रत्येक सिलिंडरला सारखे, अचूक क्षणी आणि प्रचंड दाबाने पोचवायचे. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी. जरासा कचरा गेला की खेळ खल्लास. पिकअप मिसिंग मारते त्याचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं.

1926 मध्ये मोटार धंद्यात मंदी आली, बॉशला कामगार कमी करावे लागले. पण पंपाचं काम थांबलं नाही. 1927 मध्ये तो बाजारात आला, आधी ट्रकसाठी.

पुढचा काळ हिटलरचा. बॉश त्याच्या विरोधकांना आणि ज्यूंना गुपचूप मदत करत होता. त्याच वेळी त्याच्या कंपनीत युद्धाचा माल बनत होता, सक्तीचे मजूर राबत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एक सांगून दुसरी लपवता येत नाही. 12 मार्च 1942 ला तो गेला.

1951 मध्ये भारतात कंपनी उभी राहिली, नाव मायको. पुढे नाशिकच्या सातपूरला नोझल बनू लागले. नाशिकमधला मायको सर्कल आजही त्याच नावाने ओळखला जातो.