काटेकोर बॉश आणि डिझेलचा पंप

कसारा घाट चढण्यापूर्वी पहाटे ढाब्यावर उभ्या असलेल्या ट्रकपाशी एक लहानसे काम उरकले जाते. इंजिन सुरू करण्याआधी क्लीनर खाली वाकतो, डिझेल फिल्टरच्या तळाशी असलेली तोटी सैल करतो आणि रात्रभरात खाली बसलेले पाणी एखाद्या बाटलीत काढून घेतो. आधी गढूळ पाणी येते, मग पाणी आणि डिझेल मिसळून येते आणि शेवटी नितळ डिझेलची धार लागली की तोटी घट्ट बंद करायची. सारे काम दोन-तीन मिनिटांचे. ज्या गाडीवर ते नेमाने होते तिचा पंप वर्षानुवर्षे कुरकुर करीत नाही. जिथे आळस होतो तिथे एखाद्या दिवशी ऐन घाटात गाडीचा दम सुटतो आणि मागे वाहनांची रांग लागते.

हा पंप भारतातील मेस्त्री आणि चालक कित्येक दशके ‘मायको’ या नावाने ओळखत आले. १९५१ मध्ये बंगळुरू येथे स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे ते संक्षिप्त रूप. घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या नाशिकमध्येही या कंपनीने पुढे कारखाना उभारला आणि तेथे डिझेल इंजिनांची नॉझल्स तयार होऊ लागली. या साऱ्या पसाऱ्याच्या मुळाशी असलेले रॉबर्ट बॉश मात्र त्यापूर्वीच, १९४२ मध्ये निवर्तले होते. त्यांचे आयुष्य पाहिले म्हणजे त्या तोटीतून पाणी काढणे इतके महत्त्वाचे का, याचाही उलगडा होतो.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी दक्षिण जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांतील ते अकरावे. वडिलांची शेती होती आणि वाटसरूंसाठी खानावळही होती. घरची परिस्थिती चांगली असली तरी रॉबर्ट यांचे मन शाळेत फारसे रमले नाही. उल्ममध्ये सूक्ष्म यंत्रकाम शिकण्यासाठी त्यांना एका कारागिराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. पण त्या गुरूने शिकवण्याकडे बरेचसे दुर्लक्ष केले. ही खंत त्यांच्या मनात कायमची राहिली. पुढे १९१३ मध्ये त्यांनी आपल्या कारखान्यात उमेदवारांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण विभाग काढला, त्याचे मूळ या अनुभवात शोधता येते.

उमेदवारीनंतरची काही वर्षे भटकंतीत गेली. जर्मनीतील निरनिराळ्या कारखान्यांत काम करून १८८४ मध्ये ते अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांच्या कारखान्यात राबले आणि परतताना इंग्लंडमध्ये सीमेन्सच्या कारखान्यातही काही काळ राहिले. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी स्टुटगार्टमध्ये स्वतःची कार्यशाळा उघडली. वारशाने आलेले दहा हजार मार्क हे भांडवल आणि एक कारागीर व एक हरकाम्या पोऱ्या हा सारा नोकरवर्ग! टेलिफोन जोडण्यापासून विजेची घंटा बसवण्यापर्यंत मिळेल ते काम ते घेत आणि गिऱ्हाइकांच्या घरी सायकलवरून जात. पहिली दहा वर्षे अत्यंत ओढगस्तीची गेली.

त्यांना नावारूपाला आणले ते ठिणगीने. पेट्रोलच्या इंजिनात इंधन पेटवण्यासाठी ठिणगी लागते आणि ती नेमक्या क्षणी पडावी लागते. १८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाच्या मागणीवरून बॉश यांनी एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारे विद्युतयंत्र, तयार केले होते. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स या इंग्रज उद्योजकासाठी त्यांच्या कार्यशाळेने तेच यंत्र एका वेगवान तीनचाकी मोटारीच्या इंजिनाला जोडून दाखवले. १९०२ मध्ये त्यांचे सहकारी गोट्लोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग सिद्ध केला आणि जगभरातून मागणीचा ओघ सुरू झाला. १९०६ मध्ये एक लाखावा मॅग्नेटो कारखान्याबाहेर पडला. त्याच वर्षी बॉश यांनी आपल्या कामगारांना आठ तासांचा दिवस लागू केला. त्या काळी ही गोष्ट इतर कारखानदारांना मुळीच रुचली नाही आणि ‘लाल बॉश’ असे टोपणनाव त्यांना चिकटले. यात केवळ उदारपणा होता असे मात्र नाही. थकलेल्या हाताकडून अचूक काम होत नाही आणि कमी तासांमुळे दोन पाळ्या चालवता येतात, हा हिशेबही त्यांनी पक्का केला होता.

स्वभावाने ते तापट आणि कमालीचे काटकसरी होते. कार्यालयात जमिनीवर पडलेली कागदाची टाचणी उचलून, हे आपले पैसे इतस्ततः पडले आहेत, असे त्यांनी एका कर्मचाऱ्याला सुनावल्याची हकिकत अजूनही सांगितली जाते. मात्र मालाच्या दर्जाशी तडजोड करून चार पैसे मिळवण्यापेक्षा तोटा सोसलेला बरा, हे त्यांचे सूत्र आयुष्यभर कायम राहिले. पहिल्या महायुद्धात शस्त्रास्त्रांच्या कामातून झालेल्या नफ्यातील मोठा भाग त्यांनी सार्वजनिक कामांना देऊन टाकला. युद्धानंतरचा काळ घरातही कठीण गेला. दीर्घ आजारानंतर १९२१ मध्ये त्यांचा मुलगा वारला.

याच सुमारास त्यांच्यापुढे धंद्याचा एक मोठा प्रश्न उभा होता. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाला ठिणगी लागतच नाही. हवा प्रचंड दाबली की ती इतकी तापते की फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. स्वतः डिझेल १९१३ मध्ये समुद्रप्रवासात बोटीवरून नाहीसे झाले, तेव्हा त्यांचे इंजिन कारखाने आणि जहाजे यांपुरतेच होते. कारण इंधन आत फवारण्यासाठी दाबलेली हवा लागे आणि तिच्यासाठीचा अवजड कॉम्प्रेसर ट्रकवर नेणे व्यवहार्य नव्हते. पण हवेविना, केवळ पंपाच्या जोरावर डिझेल फवारता आले तर? तर ट्रक डिझेलवर धावतील आणि त्यांना ना मॅग्नेटो लागेल ना स्पार्क प्लग. ज्या ठिणगीवर बॉश यांचे वैभव उभे होते तीच निरुपयोगी ठरण्याची ही चिन्हे होती. अशा वेळी बहुतेक कारखानदार नव्या यंत्राची हेटाळणी करतात. बॉश यांनी १९२२ च्या अखेरीस आपणच तो पंप बनवायचे ठरवले.

हे काम पाच वर्षे चालले. अनेक नमुने बनवून बाद करण्यात आले. अखेर १९२७ मध्ये पंपाचे नियमित उत्पादन सुरू झाले. १९३४ पर्यंत एक लाख पंप तयार झाले आणि १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझने डिझेलवर चालणारी प्रवासी मोटारही बाजारात आणली, तीही बॉश पंपावर.

या पंपाची खरी करामत त्याच्या प्लंजरमध्ये आहे. बोटाएवढा पोलादी दट्ट्या एका नळीत वर-खाली होतो आणि प्रत्येक फेरीला टाचणीच्या टोकाएवढे किंवा त्याहून थोडे अधिक डिझेल मोजून नॉझलकडे ढकलतो. दट्ट्या आणि नळी यांच्यामधली फट एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट. माणसाचा केस याच्या वीस-पंचवीस पट जाड असतो! त्या फटीत ना रबर ना रिंग. दोन्ही भाग एकमेकांत इतके चपखल घासून बसवलेले असतात की त्यामुळेच दाब टिकतो. म्हणून एका नळीचा दट्ट्या दुसऱ्या नळीत घालता येत नाही. शिवाय त्याला वंगण मिळते ते डिझेलचेच.

एवढा काटेकोरपणा साधला, पण त्याबरोबर एक अटही आली. डिझेल स्वच्छ असलेच पाहिजे. डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कण त्या फटीत शिरला तरी पोलादावर ओरखडा उठतो, दाब निसटतो आणि नॉझलमधून फवाऱ्याऐवजी थेंब गळू लागतात. गाडी काळा धूर ओकते. पाणी तर त्याहून घातक. त्याला वंगणाचा गुण नाही, ते पोलादाला गंज चढवते आणि तप्त नॉझलच्या टोकाशी त्याची वाफ झाली तर ते टोकच फुटू शकते. त्यामुळे पंपाच्या जोडीला फिल्टर आलाच. आरंभी कापड आणि नमदा, पुढे घडीचा कागद, आणि त्याच्या आधी पाणी वेगळे करणारे भांडे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते, या साध्या तत्त्वावर ते भांडे चालते.

पाणी येते कोठून? पुष्कळदा टाकीतूनच. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतील बाष्प पत्र्यावर दवासारखे जमते. कोकणातल्या पावसाळ्यात हे प्रमाण वाढते. म्हणून जाणते चालक मुक्कामाला थांबण्यापूर्वी टाकी भरून घेतात. तळाशी पाणी साचू दिले तर पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू आणि बुरशी वाढते आणि तिची काळी साय फिल्टर तुंबवते. गाडी सपाटीवर ठीक चालते, चढावर मात्र ओढत नाही. अशा वेळी पुष्कळजण थेट पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवतात. हजारोंचा खर्च होतो आणि दोष निघतो काहीशे रुपयांच्या फिल्टरमध्ये.

फिल्टर बदलण्याचीही रीत आहे. आधी भोवतालची धूळ पुसायची. नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवण्याची सवय सर्रास दिसते, पण ते न गाळलेले डिझेल बारीक फिल्टरच्या पुढच्या बाजूस गेले तर थेट पंपात पोचते. त्यापेक्षा तो कोरडा बसवून हातपंपाने डिझेल ओढावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी, हे बरे. बदलण्याचे अंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. धुळीच्या रस्त्यांवर त्याआधीच बदलावा लागतो.

बॉश यांची अखेरची वर्षे हिटलरच्या राजवटीत गेली. या राजवटीविषयी त्यांना तिटकारा होता. छळ होत असलेल्या ज्यूंना त्यांनी आणि त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांनी मदत केली. लाइपझिगचे माजी महापौर कार्ल गॉर्डेलर यांना १९३७ मध्ये त्यांनी सल्लागार म्हणून आश्रय दिला. हेच गॉर्डेलर पुढे हिटलरविरोधी कटातील प्रमुख म्हणून १९४५ मध्ये फासावर गेले. त्याच वेळी बॉश यांचे कारखाने मात्र हिटलरच्या लष्करासाठी राबत होते आणि युद्धकाळात सुमारे वीस हजार वेठबिगार तेथे कामाला जुंपले गेले. ही विसंगती त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही. १२ मार्च १९४२ रोजी स्टुटगार्टमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता तिनेच त्यांची शासकीय इतमामात अंत्ययात्रा काढली.

मृत्युपत्रातील इच्छेनुसार कंपनीचे बहुतांश भाग १९६४ मध्ये धर्मादाय संस्थेकडे गेले. १९९७ मध्ये कॉमन रेल पद्धत आली आणि जुना प्लंजर पंप हळूहळू मागे पडला. १,३५० बारच्या आसपास सुरू झालेला तिचा दाब पुढे दोन हजारांपलीकडे गेला, आणि सूक्ष्म कणांना मिळणारी सवलत आणखी घटली. २००८ मध्ये मायकोचे नाव बदलून बॉश लिमिटेड झाले. नव्या ट्रकमध्ये भांड्यात पाणी साचले की चालकासमोर दिवा लागतो. पण दिवा लागल्यावर खाली वाकून तोटी उघडायची ती कोणालातरी अजून हातानेच उघडावी लागते.