अहिल्याबाईंची खासगी

इंदूरच्या राजवाड्यासमोरचा अहिल्याबाईंचा पुतळा आपण येता-जाता पाहतो. त्यांनी बांधलेली देवळे आणि घाटही बहुतेकांना पाठ असतात. पण हे सारे कोणत्या पैशातून झाले, हे फारसे कोणी विचारत नाही. नोकरीत माझ्या टेबलावर रोज नामांतरणाची प्रकरणे येतात, म्हणून असेल, मला हाच प्रश्न आधी पडतो.

चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची ही लेक, जन्म 1725 चा. सुभेदार मल्हारराव होळकरांच्या घरी सून म्हणून आली. होळकरांकडे दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. दौलत म्हणजे फौजेचा आणि राज्याचा पैसा. खासगी ही घरातल्या बाईच्या नावाची. 1734 मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना पेशव्यांकडून सुमारे तीन लाख उत्पन्नाची जहागीर मिळाली, तीच ही खासगी. गौतमाबाई 1761 मध्ये वारल्या आणि ती सुनेकडे आली.

घरातली माणसे मात्र एकेक करून गेली. पती खंडेराव 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. 1766 मध्ये सासरे गेले, पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेराव. घरात पुरुष वारस उरला नाही. दिवाण गंगाधर चंद्रचूड यांना एखादे मूल दत्तक बसवून कारभार आपल्या हाती ठेवायचा होता, आणि राघोबादादा फौज घेऊन माळव्यात आले. बाई डगमगल्या नाहीत. माधवराव पेशव्यांनी त्यांची बाजू घेतली, फौज तुकोजी होळकरांकडे गेली आणि कारभार बाईंकडे राहिला. खासगीच्या खजिन्यावर त्यांनी तुळशीपत्र ठेवले, असे आपल्याकडे सांगतात. तुळशीपत्र ठेवले की ते धन देवाचे झाले, त्यावर पुन्हा कोणी हक्क सांगायचा नाही. आपले काय आणि राज्याचे काय, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दान दिले ते आपल्यातून.

काशीचे विश्वनाथाचे देऊळ 1780 च्या सुमारास उभे राहिले. गयेचे विष्णुपद, सोमनाथ, घाट, धर्मशाळा, विहिरी, अन्नछत्रे, यादी लांबच आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की बाईंनी नुसते बांधून सोडले नाही. पूजेअर्चेला, दिव्याला, अन्नछत्राला नेमणुका लावून दिल्या, दूरदूरच्या देवळांना गंगाजल पोचवण्याची सोय केली. त्यांचे हुकूम श्रीशंकराच्या नावाने निघत.

दुसऱ्याच्या इस्टेटीबाबतही त्यांची हीच दृष्टी होती. निपुत्रिक सावकार वारला की त्याचे धन सरकारजमा करण्याची रीत तेव्हा होती. बाईंनी ते घेतले नाही. विधवेला तिचा पैसा ठेवू दिला, दत्तक घेऊ दिला.

त्यांचे स्वतःचे दुःख काही संपले नव्हते. नातू गेला, मग जावई यशवंतराव फणसे गेले, आणि बाईंनी विनवूनही मुक्ताबाई सती गेली. एकच मुलगी होती ती. 13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वरी अहिल्याबाईंनी देह ठेवला.

संस्थान विलीन झाल्यावर 1962 मध्ये या देवस्थानांचा आणि घाटांचा ट्रस्ट झाला. मालकी कोणाची, यावरून वाद न्यायालयात गेला, आणि या ट्रस्टला सार्वजनिक न्यासाचा कायदा लागू होतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिला. ट्रस्टच्या नावात ‘खासगी’ हा शब्द अजून आहे.