पॉल साबातिए आणि फादर सेन्देरेन्स

रोह्याहून धाटावच्या औद्योगिक वसाहतीकडे जाताना रसायनांचा उग्र दर्प नाकाला जाणवतो. या कारखान्यांवर तालुक्यातील कितीतरी घरांची चूल पेटते. तिकडे पेणच्या उत्तरेस, पाताळगंगेकाठी रसायनी येथे, हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कारखान्यात अनेक वर्षे नायट्रोबेंझीनपासून ॲनिलिन बनत असे. तो कारखाना आता बंद झाला. परंतु नायट्रोबेंझीनच्या वाफेला तापलेल्या धातूच्या भुकटीवर हायड्रोजनची जोड दिली की ॲनिलिन मिळते, हे विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून देणाऱ्या दोन संशोधकांपैकी एक कॅथलिक धर्मगुरू होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. त्यांचे सहकारी पॉल साबातिए मात्र जगप्रसिद्ध झाले. त्यांचा जीवनपट आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

साबातिए यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५४ रोजी दक्षिण फ्रान्समधील कार्कासोन या गावी झाला. पॅरिस येथे शिक्षण घेऊन १८८० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तेथे मार्सेलीन बर्थेलो या बड्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी काम केले. बर्थेलो धर्म न मानणारे, तर साबातिए श्रद्धावान कॅथलिक. पुढे ते तुलूझला आले आणि १८८४ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, तेथील विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यानंतर त्यांनी ते शहर कायमचे सोडले नाही. पत्नी अकाली निवर्तली. चार मुलींचा भार त्यांच्यावर पडला.

फादर झां-बातिस्त सेन्देरेन्स यांचा जन्म १८५६ चा, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याकडील बार्बाशां या खेड्यातला. ते तुलूझच्याच कॅथलिक संस्थेत रसायनशास्त्र शिकवीत. सरकारी विद्यापीठ आणि चर्चची संस्था यांत त्या काळी फ्रान्समध्ये विळ्याभोपळ्याचे सख्य होते. १९०५ मध्ये तर कायद्यानेच चर्च व शासन यांची फारकत झाली. अशा दिवसांत या दोघांनी एकाच मेजावर काम केले, याचे आम्हांस विशेष वाटते.

१८९७ मध्ये त्यांनी निकेलची बारीक, ताजी भुकटी तापवून तिच्यावरून एथिलीन वायू व हायड्रोजन सोडले. दोहोंचा संयोग होऊन एथेन तयार झाला आणि निकेल होते तसेच राहिले. यालाच उत्प्रेरण म्हणतात. सोयरीक जुळवून देणारा मध्यस्थ जसा लग्न लागले की पुढच्या घरी निघतो, तसे हे निकेलचे काम. साबातिए यांचा तर्क असा होता की निकेल हायड्रोजनशी क्षणभर बांधले जाते आणि लगेच तो दुसऱ्याच्या हवाली करून मोकळे होते. मात्र हा मध्यस्थ मोठा नाजूक! गंधकाचा अंश जरी वायूत आला तरी भुकटी निकामी होते. म्हणून वायू शुद्ध करण्यातच प्रयोगशाळेतील निम्मे कष्ट जात असावेत, असे आम्हांस वाटते. पुढे बेंझीनपासून सायक्लोहेक्झेन याच रीतीने मिळाले. १९०२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान यांनी द्रव तेलांसाठी या पद्धतीचे पेटंट घेतले आणि त्यातून कालांतराने आपल्या स्वयंपाकघरातील वनस्पती तूप अवतरले. (त्यातील ट्रान्स फॅटवर भारतात २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, हेही गृहिणींनी ध्यानी ठेवावे.)

१९०७ मध्ये साबातिए यांना पॅरिसहून मानाच्या जागेसाठी बोलावणे आले. त्यांनी नकार दिला. त्या काळी विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्यत्व पॅरिसबाहेर राहणाऱ्यास मिळत नसे, तरीही त्यांनी तुलूझ सोडले नाही. अखेर अकादमीनेच नियम बदलला आणि १९१३ मध्ये बाहेरगावच्या सदस्यांसाठी निर्माण झालेल्या जागांवर प्रथम त्यांची निवड झाली.

त्याआधी, १९१२ मध्ये, त्यांना व्हिक्टर ग्रिन्यार यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. फादर सेन्देरेन्स यांचे नाव त्यात नव्हते. पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात साबातिए यांनी त्यांचा उल्लेख केला. परंतु उल्लेख म्हणजे वाटा नव्हे. खुद्द ग्रिन्यार यांनाही हा सन्मान साबातिए व सेन्देरेन्स यांना मिळून द्यावयास हवा होता असे वाटत होते. फादर धर्मगुरू होते म्हणून वगळले गेले असे म्हणण्यास आम्हांजवळ आधार नाही. अन्याय मात्र झाला, असे आमचे मत आहे.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. फादर सेन्देरेन्स यांनी संशोधन सोडले नाही. १९३७ मध्ये बार्बाशां येथेच त्यांचे देहावसान झाले. साबातिए १४ ऑगस्ट १९४१ रोजी, महायुद्ध पेटले असताना, तुलूझमध्ये निवर्तले.

१९०२ मध्ये या जोडीने कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन यांपासून निकेलवर मिथेन आणि पाणी मिळवले होते. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अंतराळवीरांच्या उच्छ्वासातून पाणी परत मिळवण्यासाठी याच क्रियेचे यंत्र नेण्यात आले. मूळ निबंधावर नावे दोघांची होती. यंत्र ओळखले जाते ते साबातिए यांच्या नावाने.