शेतकऱ्यांचे कैवारी कै. नारायण नागू पाटील

उलव्याच्या खाडीकाठी एकेकाळी भातशेती होती, हे ज्ञातीतील मुलांना आज सांगावे लागते. त्याबरोबरच नारायणरावांचेही नाव सांगावे, असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म १८९२ सालचा, कर्मभूमी अलिबाग तालुका. पिकाचा अर्धा वाटा खोताच्या पदरी घालून वर वेठही करावयाची, ही तेथील कुळांची पिढीजात रीत होती. ती जाचक खरी, पण अंगवळणी पडलेली. सोडावी तर उपासमार समोर. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथील सभेत नारायणरावांनी पंचवीस गावांच्या शेतकऱ्यांकडून संपाचा निर्धार करविला. जमिनी पडीक राहिल्या. नांगराखेरीज दुसरा धंदा ठाऊक नसलेली माणसे रानातील लाकूडफाटा विकून पोट भरू लागली.

१६ डिसेंबर १९३४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीस आले. जातीची वेस ओलांडून आपला आगरी शेतकरी त्यांचे ऐकावयास बसला, ही गोष्ट आम्ही संपाइतकीच मोठी मानतो. संप १९३९ पर्यंत चालला. त्याच साली मुंबई इलाख्यात कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला.

नारायणराव १९६८ साली निवर्तले. तेव्हा उलव्यात भात पिकत होते. दोन वर्षांनी सिडकोची स्थापना झाली.